परदेशी मातीत विसावलेले आपले सैनिक आणि त्यांचा राखायचा मान

शिलालेख (धागाकर्ता)

पहिल्या महायुद्धात अविभक्त हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे शिपाई, खेचरवाले, हमाल, भिस्ती आणि शुश्रूषक म्हणून समुद्रापार गेली आणि त्या युद्धात सुमारे ७४,००० माणसे मरण पावली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याची संख्या पंचवीस लाखांपर्यंत पोहोचली आणि मृतांचा आकडा ८७,००० च्या घरात गेला. या मृतांपैकी बहुसंख्यांचे देह घरी परत आले नाहीत, त्यांच्या अस्थीही आल्या नाहीत. फ्रान्स, बेल्जियम, इराक, पूर्व आफ्रिका, इजिप्त, इटली, म्यानमार, सिंगापूर अशा अनेक ठिकाणी त्यांची नावे दगडात कोरलेली आहेत आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी ती वाचली आहेत. परदेशातील युद्धस्मशानांत आपल्या सैनिकांचा मान नेमका कसा राखला जातो, तो कुठे राखायचा राहून गेला आणि आज आपण काय करू शकतो, याची सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

या स्मशानांची देखभाल करणारी मुख्य संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन. फेबियन वेअर यांच्या प्रयत्नांतून २१ मे १९१७ रोजी शाही सनदेने ती स्थापन झाली. तेव्हा तिच्या नावात ‘इंपीरियल’ हा शब्द होता, तो १९६० मध्ये बदलला. आज १५० हून अधिक देशांत, सुमारे २३,००० ठिकाणी, सतरा लाख मृतांच्या स्मृतीची जबाबदारी या आयोगाकडे आहे आणि त्याच्या सहा सदस्य देशांपैकी भारत हा एक आहे. फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ मध्ये दिलेल्या अहवालाने जी तत्त्वे घालून दिली, ती आजही पाळली जातात. त्यानुसार मृतदेह मायदेशी नेला जाणार नाही, जिथे मरण आले त्याच भूमीवर त्याची व्यवस्था होईल, सेनापती आणि शिपाई यांचा दगड एकाच मापाचा असेल, आणि हुद्दा, वंश वा धर्म यांवरून कोणताही भेद केला जाणार नाही.

हा निर्णय त्या काळी अनेक कुटुंबांना फार कठोर वाटला. श्रीमंतांना आपल्या मुलाचा देह घरी आणणे शक्य होते आणि गरिबांना नव्हते. ही विषमता मृत्यूनंतर तरी राहू नये, हा त्यामागचा विचार होता. तरीही ४ मे १९२० रोजी ब्रिटनच्या संसदेत यावर तीव्र चर्चा झाली, कारण आपल्या मुलाच्या कबरीवर काय असावे हे ठरवण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला, असा प्रश्न शोकाकुल आईवडील विचारत होते. तो प्रश्न चुकीचा होता असे मला वाटत नाही. पण समानतेच्या तत्त्वाला दिलेले ते मोल होते, आणि रांगेने उभे असलेले एकसारखे दगड पाहिले की ते मोल कशासाठी दिले हे कळते.

प्रत्येक दगड २ फूट ८ इंच उंच आणि १ फूट ३ इंच रुंद असतो. वर पलटणीचे चिन्ह, त्याखाली क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख आणि ठाऊक असल्यास वय. हिंदू सैनिकाच्या दगडावर क्रूसाऐवजी देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेले आढळते. मुसलमान सैनिकाच्या दगडावर अरबी अक्षरे असतात, शिखांच्या दगडावर गुरुमुखी. दगडाच्या पायथ्याशी बुटक्या फुलझाडांची एक पट्टी मुद्दाम राखलेली असते. शोभेबरोबरच तिचा उपयोग असा, की पावसाने उडालेला चिखल खालच्या अक्षरांवर बसत नाही. नाव वाचता यावे यासाठी घेतलेली ही काळजी मला सर्वांत मोलाची वाटते.

आता आपल्या सैनिकांचे काय झाले ते पाहू. हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य तेथे दहन दिले गेले, त्यामुळे त्यांची कबर नसते आणि नाव भिंतीवर किंवा फलकावर असते. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १० ते १३ मार्च १९१५ या काळात झालेल्या लढाईत आपल्या पलटणी आघाडीवर होत्या. तेथे ७ ऑक्टोबर १९२७ रोजी उभारलेल्या स्मारकाच्या वर्तुळाकार भिंतीवर, ज्यांची कबर ज्ञात नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व कामगारांची नावे आहेत. हर्बर्ट बेकर यांनी आराखडा केलेल्या या स्मारकात कमळाच्या शीर्षाचा एक उंच स्तंभ असून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च ब्रिटिश शौर्यपदक मरणोत्तर मिळालेल्या गब्बरसिंह नेगी यांचे नाव याच भिंतीवर इतर शिपायांच्या नावांच्या ओळीत आहे, वेगळे उंचावर नाही.

फ्रान्समध्ये जे झाले ते इराकमध्ये झाले नाही. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेतील ४०,००० हून अधिक मृतांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या लिहिली गेली. अमारा येथील नदीच्या डाव्या तीरावरच्या हिंदी युद्धस्मशानात सुमारे ५,००० हिंदी सैनिक आहेत आणि त्यांपैकी फक्त ९ जणांची ओळख ठाऊक आहे, कारण दफनाच्या नीट नोंदीच ठेवल्या गेल्या नाहीत. समानतेचे तत्त्व कागदावर सर्वांसाठी होते, प्रत्यक्षात ते युरोपबाहेर पुष्कळदा पोहोचलेच नाही. आयोगानेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे मान्य केले. हिंदी, पूर्व व पश्चिम आफ्रिकी, इजिप्शियन व सोमाली अशा ४५,००० ते ५४,००० मृतांची स्मृती असमान रीतीने जपली गेली, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतच्या लोकांचे, नाव कोठेही कोरले गेले नाही, असा त्या समितीचा निष्कर्ष होता. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी त्याबद्दल संसदेत क्षमा मागितली.

माझे मत स्पष्ट आहे. मृत सैनिकाचा मान राखणे म्हणजे आधी त्याचे नाव राखणे. पुष्पचक्र, सलामी, दोन मिनिटांची स्तब्धता हे सर्व आवश्यक आहे. पण नावच नसेल तर ते कोणासाठी करायचे? सदस्यांनी आपले अनुभव, माहिती आणि मतभेदही मोकळेपणाने लिहावेत.

नदीकाठ

अतिशय आवश्यक धागा. आमच्या घरी माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाची एक कांस्याची जड चकती आहे. पसरलेल्या तळव्याएवढी मोठी, तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली एक स्त्री आणि सिंह आहे, कडेने इंग्रजी अक्षरे आहेत आणि एका चौकटीत उठावाच्या अक्षरांत त्यांचे नाव आहे. देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ती कायम असे आणि आजी सणावाराला चिंचेने ती घासून ठेवी, म्हणून अक्षरांच्या कडा आता गुळगुळीत झाल्या आहेत. ते ‘बसऱ्याच्या लढाईत गेले’ एवढेच घरात सांगितले जाते. त्यांच्या पत्नीने पुढे कितीतरी वर्षे ते परत येतील असे मानले, कारण देह कोणी पाहिलाच नव्हता. चकतीवर हुद्दा नाही, पलटणीचे नाव नाही, गावही नाही. अशा वेळी शोध कोठून सुरू करावा?

शिलालेख

नदीकाठ, आपल्याकडे आहे ते युद्धातील मृतांच्या कुटुंबांना देण्यात आलेले स्मृतिचिन्ह आहे. अशा तेरा लाखांहून अधिक चकत्या काढल्या गेल्या होत्या आणि सर्वांचे बलिदान सारखे मानायचे म्हणून त्यांवर हुद्दा मुद्दाम लिहिला जात नसे. त्यामुळे एकट्या चकतीवरून माणूस सापडणे कठीण असते. घरात किंवा नात्यात कोणाकडे त्यांची पदके आहेत का, ते कृपया पाहावे. त्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर, क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. वर्षानुवर्षांच्या मळाने ती दिसेनाशी होते, तेव्हा पदक घासू नये. तिरप्या उजेडात धरून भिंगाने वाचावे.

आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नावे त्या काळच्या इंग्रज कारकुनांनी ऐकून लिहिली आहेत, त्यामुळे एकाच आडनावाची चार-पाच रूपे करून पाहावी लागतात आणि पुष्कळदा आडनाव नसतेच, शिपायाचे आणि वडिलांचे नाव असते. ‘मराठा’ या शब्दाचे पलटणीच्या नावातील इंग्रजी लेखनही आजच्यापेक्षा वेगळे आहे. त्यात ‘म’नंतर एक ‘ह’ येतो आणि ‘ट’ दोनदा येतो. जिल्हे जुने आहेत. आजचा रायगड तेथे कुलाबा म्हणून सापडेल, सिंधुदुर्गातील गावे रत्नागिरीखाली असतील आणि सांगलीकडची कित्येक गावे साताऱ्याखाली. इराकमधील कूट या शहराच्या वेढ्यात, म्हणजे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. आपल्या घरातील आठवण मेसोपोटेमियाची असल्यामुळे या तीन पलटणींपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. बसऱ्याच्या दगडावर शिपायांची नावे नसली तरी ती आयोगाच्या नोंदींत आहेत.

पायदळ

मी पायदळात सेवा केली आहे. पलटणीत नवीन भरती झालेल्या जवानाला शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या गोष्टींत त्या पलटणीचा युद्धसन्मान आणि तिच्या हुतात्म्यांची नावे असतात. पूर्व आफ्रिकेतला केरेनचा डोंगर कोठे आहे हे नकाशावर दाखवता न येणाऱ्या मुलालाही १९४१ मध्ये तेथे मराठे कसे चढले हे पाठ असते. त्यामुळे सैन्याच्या आत ही स्मृती जिवंत आहे, ती समाजात उतरलेली नाही, असे मला वाटते.

पार्थिव घरी आणण्याविषयी थोडे लिहितो. आज हुतात्म्याचे पार्थिव तिरंग्यात गुंडाळून गावी येते आणि सारा गाव जमतो, म्हणून तीच जुनी रीत असावी असे तरुणांना वाटते. पण ही प्रथा सर्वत्र रूढ झाली ती १९९९ च्या कारगिल युद्धात. त्याआधीच्या युद्धांत बहुतेक जवानांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत आणि घरी पोहोचत असे ती तार, नंतर सामानाची पेटी. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान कामी आले. त्यांच्यासाठी कोलंबोजवळ आणि पलालीला स्मारके आहेत. परदेशी मातीतले आपले हुतात्मे म्हटल्यावर केवळ दोन महायुद्धे आठवू नयेत. कोलंबोला पर्यटनासाठी जाणाऱ्या मराठी माणसांनी त्या स्मारकापर्यंत जावे, एवढी माझी विनंती आहे.

महायुद्धातल्यांचे अवशेष आता परत आणावेत का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर नाही असे आहे. आपल्या सोबत्यांच्या शेजारी पडून राहण्यात सैनिकाला कमीपणा नसतो. आपण तेथे जावे.

समांतर

धाग्यातील माहिती मोलाची आहे, पण मला एक मूलभूत शंका मांडायची आहे आणि ती अनादराने घेतली जाऊ नये. हे सैनिक कोणासाठी लढले? ज्या साम्राज्याने १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत नि:शस्त्र लोकांवर याच हिंदी सैन्यातील शिपायांकरवी गोळ्या झाडल्या, त्या साम्राज्यासाठी. पुष्कळ जण पोटासाठी गेले, काही जणांवर भरतीची सक्ती झाली, हे मान्य. पण त्यांच्या स्मारकांवर राजमुकुट कोरलेला आहे. त्या मुकुटापुढे आपण मान झुकवावी का? आणि दुसरी बाजू पाहावी. नेताजींनी ८ जुलै १९४५ रोजी सिंगापूरच्या एस्प्लनेडवर आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांसाठी स्मारकाची कोनशिला बसवली आणि इंग्रज परत येताच त्यांनी ते स्मारक पाडून टाकले. त्या जागी खुणेचा फलक लागायला १९९५ साल उजाडले. क्रांजीच्या युद्धस्मशानात हिरवळ रोज कापली जाते आणि स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांना त्याच शहरात दगडही टिकू दिला गेला नाही, हे विसरून केवळ पहिल्यांचा गौरव करणे मला एकांगी वाटते.

अबोली

समांतर यांची शंका गंभीर आहे, म्हणून तिला बाजूला न सारता लिहिते. मी इटलीत राहते. दुसऱ्या महायुद्धातील इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक होते आणि त्यांतील ५,७८२ जण परतले नाहीत. फोर्ली येथे केवळ हिंदी सेनेसाठी राखलेले युद्धस्मशान आहे आणि दहन झालेल्यांचे स्मारकही तेथेच आहे. तेथे मी जाते तेव्हा बहुतेक वेळा एकटीच असते. दगडांवर वय वाचत गेले की पाय जड होतात: एकोणीस, वीस, बावीस. आठ हजार किलोमीटरवरून आलेली ही मुले कोणत्या तत्त्वज्ञानासाठी लढत होती, हा प्रश्न त्या दगडासमोर उभे राहून मला विचारता येत नाही.

कॅसिनोच्या युद्धस्मशानात वर डोंगरावर मठ दिसतो आणि खाली बागेत संगमरवरी खांबांवर, कबर नसलेल्या चार हजारांहून अधिक जणांची नावे आहेत. त्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण. दि. १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशिनगनने त्यांच्या तुकडीतील बाकी सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले, हातबॉम्बने गन बंद पाडली, गोळ्या संपल्यावर बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने लढले आणि शेवटी लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या स्मरणार्थ पेरुजा प्रांतातील मोंतोने या गावात जुलै २०२३ मध्ये एक सूर्यघड्याळ उभारण्यात आले आणि ते उभारण्यात स्थानिक इटालियन लोकांनी पुढाकार घेतला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्यांच्या भूमीवर ते पडले त्यांना ते मुकुटाचे शिपाई म्हणून आठवत नाहीत.

शिलालेख

समांतर यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. सिंगापूरला जाणाऱ्याने क्रांजी आणि एस्प्लनेडचा फलक या दोन्ही ठिकाणी जावे. इंफाळ-कोहिमाच्या रणांगणात दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती आणि त्यांतील एका बाजूची नावे दगडावर आली, दुसऱ्या बाजूची आली नाहीत. जे बसऱ्याच्या शिपायाबद्दल मी म्हटले, तेच आझाद हिंदच्या शिपायाबद्दल म्हणतो.

पहिल्या मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. मृताचा मान आणि युद्धाच्या हेतूचे समर्थन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, आणि जर्मनीने त्या वेगळ्या ठेवून दाखवल्या आहेत. तेथील १९१९ मध्ये स्थापन झालेली फोल्क्सबुंड ही संस्था सुमारे अठ्ठावीस लाख जर्मन मृतांच्या कबरी परदेशांत सांभाळते. त्यांतील कित्येक जण ज्या राजवटीसाठी लढले, तिचे समर्थन आजचा जर्मनी करत नाही. त्यांची स्मशाने गडद आणि साधी आहेत, गौरवाची भाषा तेथे जवळजवळ नाही. पण नाव आहे, तारीख आहे आणि तरुण स्वयंसेवक उन्हाळ्यात तेथे जाऊन दगड स्वच्छ करतात. राजमुकुटाला मान न देता मुकुटाखाली लिहिलेल्या नावाला मान देता येतो. शिवाय हे सैनिक आपण विसरलो तर त्यांची आठवण केवळ साम्राज्याच्या शब्दांत उरेल, आणि ती तशी उरू नये अशी जबाबदारी आपलीच आहे.

समांतर

‘मुकुटाखाली लिहिलेले नाव’ हा भेद मला मान्य आहे. एवढेच म्हणेन की आपल्याकडून होणाऱ्या कार्यक्रमांत भाषणे करताना तो भेद पाळला जावा. ‘लोकशाहीच्या रक्षणासाठी’ वगैरे वाक्ये या माणसांच्या तोंडी घालू नयेत. पगार, पलटणीचा अभिमान, शेजारच्या सोबत्याचा विश्वास आणि घरी पाठवायचे पैसे, अशी कारणे तितकीच खरी होती आणि त्यांत कमी प्रतीचे काही नाही.

दक्षिणवारा

शत्रूनेही मान राखल्याचे एक उदाहरण येथे नोंदवावेसे वाटते. फॉकलंड बेटांवरील १९८२ च्या युद्धानंतर अर्जेंटिनाच्या सैनिकांचे देह रणांगणात विखुरलेले होते. पुढच्या वर्षी जेफ्री कार्डोझो नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ते गोळा करून डार्विन येथे व्यवस्थित दफन केले. प्रत्येक देहासोबत काय सापडले, तो कोठे सापडला, याच्या काटेकोर नोंदी त्यांनी ठेवल्या. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर ‘देवालाच ठाऊक असलेला अर्जेंटिनी सैनिक’ एवढेच लिहिले गेले. पुढे २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने त्या अज्ञात कबरींतील अवशेषांची तपासणी केली आणि नातेवाइकांच्या डीएनएशी ताडून बहुतेकांची नावे निश्चित केली. मार्च २०१८ मध्ये कुटुंबीय तेथे गेले तेव्हा नव्या दगडांवर त्यांच्या मुलांची नावे होती. पस्तीस वर्षांनंतर हे शक्य झाले, कारण शत्रुपक्षातील एका अधिकाऱ्याने नोंदी ठेवल्या होत्या. अमारात त्या कोणी ठेवल्या नाहीत.

पाऊलवाट

कबर दूर आणि कुटुंब गरीब असेल तर तेथे जाणार कोण, हा खरा प्रश्न आहे. नेदरलँड्समधील मारग्रातेन येथे आठ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या कबरी आहेत आणि १९४५ पासून स्थानिक डच कुटुंबांनी त्या दत्तक घेतल्या आहेत. आज एकही कबर दत्तकाविना नाही. आजीकडून नातवाकडे ती जबाबदारी जाते. सैनिकाच्या घरच्यांशी पत्रव्यवहार होतो, त्याच्या वाढदिवशी फुले ठेवली जातात. नॉर्मंडीच्या अमेरिकी स्मशानात पांढऱ्या क्रूसावरचे नाव दुरून वाचता येत नाही, म्हणून नातेवाईक आले की तेथील कर्मचारी ओमाहा किनाऱ्यावरची ओली वाळू अक्षरांच्या खाचांत बोटाने भरतात आणि नाव सोनेरी होऊन उठून दिसते. छायाचित्र घेईपर्यंत ते राहते, मग पाऊस ते धुऊन टाकतो.

अशी दत्तक योजना आपल्या सैनिकांसाठी परदेशातील मराठी मंडळांना सहज करता येईल. फोर्ली, नव्ह शापेल, क्रांजी, म्यानमारमधील तौकक्यान ही ठिकाणे ज्या देशांत आहेत, त्या सर्वच देशांत आपली माणसे आहेत. वर्षातून एकदा एकत्र जमून एका पलटणीची नावे मोठ्याने वाचली तरी पुरे. उलट दिशेनेही हे करता येईल. पुण्यात खडकीला युद्धस्मशान आहे आणि तेथील मृतांच्या घरच्यांना तेथवर येणे तितकेच अवघड आहे. आपण त्यांच्या दगडाशी उभे राहिलो तर परदेशातील कोणी आपल्या दगडाशी उभे राहावे, ही अपेक्षा करायला आपल्याला जागा राहते.

अबोली

पाऊलवाट यांच्या सूचनेला इंग्लंडमधील एका घटनेची जोड देते. ब्रायटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांना पॅचमच्या टेकडीवर दहन दिले गेले आणि राख समुद्रात सोडली गेली. मुंबईचे तरुण वास्तुविशारद ई. सी. हेन्रिक्स यांच्या आराखड्यानुसार तेथे संगमरवरी छत्री उभी राहिली आणि १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. पण त्या छत्रीवर कोणाचेही नाव नव्हते. ती ५३ नावे जवळच्या वेगळ्या दगडावर कोरली गेली ती २०१० मध्ये. दरवर्षी जून महिन्यात तेथे स्मरणसभा भरते, आणि नव्वद वर्षांनी का होईना, आता त्या सभेत नावे वाचता येतात.

या स्मशानांत जाणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट सांगते. प्रवेशद्वाराजवळ भिंतीत एक लहान धातूचे दार असते. त्याच्या आत तेथील नावांची यादी आणि भेटीची वही ठेवलेली असते. त्या वहीत आपले नाव, गाव आणि ज्याच्यासाठी आलात त्याचे नाव मराठीत लिहावे. फोर्लीच्या वहीत मी देवनागरीतच लिहिते.

पायदळ

सदस्यांनी आपापल्या भागातील गावांत पाहावे, ही आणखी एक विनंती. कोकणात आणि देशावर अनेक गावांत देवळाच्या, शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतकी माणसे गेली आणि त्यांतील इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिचा मजकूर असतो. पुन्हा संख्याच, नावे नाहीत. कित्येक पाट्यांवर चुन्याचे थर चढले आहेत, काही जीर्णोद्धारात निघून गेल्या. पंजाबातील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्या संगणकावर आणून २०२१ पासून लोकांना शोधण्यासाठी खुल्या केल्या गेल्या आणि इंग्लंड-कॅनडातील कुटुंबांना आपले पणजोबा सापडले. आपल्याकडे सुरुवात या पाट्यांपासून करता येईल.

नदीकाठ

शिलालेख यांच्या सूचनेप्रमाणे नात्यात चौकशी केली. आत्याकडे एका डब्यात दोन पदके निघाली. खिडकीशी तिरपे धरून भिंगाने पाहिल्यावर चांदीच्या पदकाच्या कडेवर क्रमांक, ‘शिपाई’ हा हुद्दा, नाव आणि ११० क्रमांकाची मराठा पलटण स्पष्ट वाचता आली. त्यावरून आयोगाच्या नोंदीत शोधले. ते बसऱ्याच्या स्मारकाखाली सापडले. वडिलांचे नाव जुळते, पण गावाचे नाव इतके बिघडले आहे की प्रथम ते ओळखू आले नाही. आजवर त्यांची मृत्यूची तारीख घरात कोणालाही ठाऊक नव्हती. आता ती कळली आहे. आत्या पुष्कळ वेळ त्या छापील नोंदीवरून हात फिरवत बसली होती. गावाच्या नावाची दुरुस्ती करून घेता येते का?

शिलालेख

नदीकाठ, ही वार्ता वाचून फार समाधान वाटले. दुरुस्ती करून घेता येते. आयोगाकडे लेखी विनंती करावी लागते आणि सोबत पुरावा द्यावा लागतो. पदकाच्या कडेची सुस्पष्ट छायाचित्रे, चकतीचे छायाचित्र, निवृत्तिवेतनाचा किंवा जमिनीचा एखादा जुना कागद ज्यावर त्यांचे आणि वडिलांचे नाव व गाव एकत्र आहे, आणि कुटुंबाची थोडक्यात वंशावळ असे सर्व एकत्र पाठवावे. नावाचे लेखनही चुकले असेल तर तेही याच विनंतीत लिहावे. बसऱ्याचे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले आहे आणि तेथे जाणे सोपे नाही, त्यामुळे सध्या ही नोंद हाच त्यांचा दगड आहे. ती अचूक असणे म्हणूनच अधिक गरजेचे आहे. अर्जाचा मसुदा इंग्रजीत करून हवा असल्यास कळवावे, मी करून देईन.

पायदळ साहेबांनी सुचवलेल्या गावपाट्यांसाठी वेगळा धागा काढत आहे. पाटी जशी आहे तशी छायाचित्रात घ्यावी, पाणी किंवा आम्ल लावून स्वच्छ करू नये. गाव, तालुका, पाटी कोणत्या भिंतीत आहे आणि तिच्यावरील दोन्ही संख्या लिहाव्यात, आणि गावातील वृद्धांना त्या संख्येतील कोणाची नावे आठवत असतील तर ती त्याखाली नोंदवावीत.